नवऱ्याच्या जागी : सासवड ते पंढरपूर

सासवड

दिवेघाट चढून आलेल्या दिंडीला मी सासवडच्या तळावर गाठलं. माउलींची पालखी इथे दोन रात्री थांबते, त्यामुळे उशिरा येणाऱ्यांना सासवड सोयीचं पडतं. निघायचं होतं आळंदीपासूनच. पण नणंद घरी येऊन सगळं समजून घेईपर्यंत पालखी पुण्यातून पुढे गेली होती. डायलिसिसचे वार कोणते, कुठल्या हाताला ब्लडप्रेशरचा पट्टा लावायचा नाही, भाज्या उकळून पाणी कसं टाकून द्यायचं, दिवसाचं पाणी कुठल्या बाटलीत मोजून ठेवायचं, हे सगळं एका बैठकीत डोक्यात शिरणारं नसतं.

ही वारी माझी नाही, नवऱ्याची आहे. कॉलेजात असल्यापासून तो या दिंडीत चालायचा. मी फर्ग्युसन रस्त्याच्या कडेला उभं राहून पालखीला हात जोडायचे आणि घरी जायचे. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर त्याचं चालणं थांबलं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, यंत्राला जोडून पडून राहायचं. एखादी पाळी चुकवली तर दोन दिवसांत पायाला सूज आणि छातीत पाणी. माझं मूत्रपिंड चाललं असतं, पण तपासणीत मलाच साखर निघाली. घरात दुसरं जुळणारं कोणी नाही. तेव्हापासून त्याचं नाव मूत्रपिंडासाठी थांबलेल्यांच्या यादीत आहे. फोन कधी येईल ते कोणालाच सांगता येत नाही.

या वर्षी ज्येष्ठ लागला तसा तो म्हणाला, “माझ्या जागी तू चाल.” माझा देवावर विश्वास आहे का, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कोण जाणे.

दिंडीत पोचल्यावर सगळे आधी त्याची चौकशी करत होते, मग मला चहा देत होते. “भाऊंच्या वहिनी” एवढ्या ओळखीवर तंबूत बायकांच्या कडेला एक पथारी मिळाली. शेजारी परभणीकडच्या एक आक्का होत्या. सत्तरी ओलांडलेली, पायात प्लास्टिकच्या चपला. सामान म्हणजे एक पिशवी आणि तुळस. मी आणलेली सॅक त्यांनी उचलून पाहिली, खाली ठेवली आणि म्हणाल्या, “ट्रकमंदी टाका हे. देवाला बी एवढं लागत न्हाई.”

जेजुरी

पहाटे तीनदा कर्णा वाजतो. पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला रांगेत यायचं, तिसऱ्याला निघायचं. कोणी कोणाला हाका मारत नाही. लाखो माणसं त्या तीन आवाजांवर चालतात.

रस्त्यात पाणी सतत मिळतं. टँकर उभे असतात, शाळेची पोरं स्टीलचे तांबे घेऊन धावतात, घराघरांपुढे पिंप मांडलेली असतात. “माउली, पाणी घ्या. माउली, पाणी.” डायलिसिसच्या माणसाला दिवसाला साधारण एक लिटर, त्यात चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचे घोट सगळं धरून. आमच्या घरी नळ वाहता सोडला तरी त्याचं लक्ष तिकडे जातं. इथे मला मिनिटामिनिटाला कोणी तरी पाणी देत होतं. पहिल्या दिवशी प्रत्येक पेला घशात अडकला. नंतर तहानच इतकी लागली की अडकायला काही उरलं नाही.

जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात. कपाळ, पदर, दात, सगळं पिवळं. खंडोबा नवसाचा देव. माझ्या सासूबाईंनी त्याला नवस बोलून ठेवलाय : लेकाला मूत्रपिंड मिळू दे, जोडीने गड चढवीन. तंबूत मी हे सहज सांगितलं, तर विणेकरी महाराज हसले आणि त्यांनी तुकोबांचा चरण म्हटला : ‘नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती’. बायका खो-खो हसल्या. तुकोबांना बायकांत बसून असं बोलता येत असणार, त्याशिवाय हे सुचत नाही.

मी मात्र हसले नाही. त्या नवसाचं मला वेगळंच वावडं आहे. ज्या यादीत आम्ही आहोत, तिच्यातलं मूत्रपिंड मेंदू मृत झालेल्या माणसाकडून येतं. हृदय चालू असतं, श्वास यंत्रावर असतो, पण माणूस गेलेला असतो. १९९४ च्या कायद्याने त्याला मृत्यू म्हटलं, म्हणून हे दान शक्य झालं. बऱ्याचदा तो अपघातातला धडधाकट माणूस असतो. दवाखान्याबाहेर त्याचे नातेवाईक बसलेले असतात आणि त्यांना थोडक्या वेळात सही करायची की नाही ते ठरवायचं असतं. आमचा फोन वाजण्यासाठी आधी त्यांच्या घरी फोन वाजायला हवा. मग देवापुढे उभं राहून मी नेमकं काय म्हणायचं? रात्री रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळतो. मी प्रार्थना सोडून दिली त्याचं कारण हे होतं. नास्तिक वगैरे झाले नव्हते. वाक्यच पुरं होत नव्हतं.

हे सगळं त्या रात्री मी आक्कांना सांगितलं. का, ते माहीत नाही. अंधार होता म्हणून असेल. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, “मग नका म्हनू काही. चाला निस्तं.”

वाल्हे, लोणंद

वाल्ह्याची चाल छोटी. गावकरी वाल्मिकी ऋषींशी नातं सांगतात. दुपारीच तळ पडला, कपडे वाळत घातले आणि पायाला पहिला फोड आला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी नीरा. पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि सातारा सुरू होतो. दत्तघाटावर माउलींच्या पादुकांना नदीचं स्नान घालतात. त्या क्षणी काठावरच्या गर्दीतून जो आवाज उठतो त्यात ‘माउली, माउली’ एवढेच शब्द असतात. मला काही दिसलं नाही, पुढे माणसांच्या पाठी होत्या. तरी पाण्यात उतरले. गुडघ्याएवढ्या पाण्यात एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याच्या पाठीला दगडाने घासत होता आणि दोघं कांद्याच्या भावावर बोलत होते.

लोणंदच्या तळावर रात्री हैबतबाबांची गोष्ट निघाली. पालखी सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप त्यांनी दिलं, १८३२ च्या सुमारास. मूळचे साताऱ्याजवळच्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार. सांगतात की कमाई घेऊन घरी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना अडवलं आणि गुहेत कोंडून दारावर शिळा लावली. आत अंधारात ते हरिपाठ म्हणत राहिले. पुढे त्या नायकाला मुलगा झाला, त्या आनंदात त्याने शिळा हलवली आणि बाबांना सोडलं. घरी न जाता ते आळंदीला गेले आणि तिथलेच झाले.

गोष्ट सांगणाऱ्याने जोर दिला तो सुटकेवर. मी अडकले गुहेत. शिळा हलेल असं त्यांना माहीत नव्हतं. हरिपाठ म्हटल्याने शिळा हलते असंही हरिपाठात कुठे लिहिलेलं नाही. एका नायकाच्या घरी पाळणा हलला, म्हणून ती हलली. म्हणजे सुटकेचा आणि त्या म्हणण्याचा संबंध आपण मागाहून जोडला. मग आत बसून ते कशासाठी म्हणत होते? मी विणेकऱ्यांना विचारलं. ते वीणा गळ्यातून उतरवत होते. दिंडीत वीणा जमिनीवर ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ते काम होईपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “संध्याकाळ झाली की हरिपाठ म्हणायचा असतो, वहिनी. गुहेत असलं तरी संध्याकाळ होतेच की.”

हे उत्तर मला तेव्हा टाळाटाळीचं वाटलं.

तरडगाव

वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. रस्त्याच्या दोन बाजूंना दिंड्या उभ्या राहतात आणि मधून दोन घोडे धावत जातात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसरा रिकामा. अंकलीच्या शितोळे सरकारांचे हे घोडे, बेळगावकडून चालत आळंदीला येतात. रिकाम्या घोड्यावर माउली बसलेत असं धरायचं. घोडा गेला की माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला झेप घेतात. माझ्या शेजारी एक इंजिनिअर मुलगी होती, हिंजवडीची, पहिल्यांदाच आलेली. तिने मोबाइल खिशात टाकला आणि तीही मातीत वाकली.

जे खोगीर रिकामं दिसतं त्याला रिकामं न म्हणणं, यात एक प्रकारचा हट्ट आहे. माझ्यातल्या बँकेतल्या कारकुनाला तो पटत नाही. पण त्या गर्दीत कोणी मला पटवत बसलेलंही नव्हतं.

रात्री त्याचा फोन. सुया टोचताना त्रास झाला, बाकी ठीक. मग त्याने विचारलं, घोडे आधी कुठल्या बाजूने धावले. मला आठवेना. तो वैतागला.

फलटण

फलटणला मोठा तळ. संध्याकाळी कीर्तनाला बसले, ती उठता येईना म्हणून शेवटपर्यंत बसले. बुवांनी दुष्काळ घेतला होता. सोळाशे तीसच्या आसपासचा तो भयानक दुष्काळ, ज्यात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेला. बुवांनी हे रंगवलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तुकोबांचेच शब्द म्हटले : ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. आणि थांबले. टाळकरीही थांबले. जगातल्या कुठल्या संताने आपल्या बायकोच्या मरणाबद्दल इतकं उघडं वाक्य लिहिलं असेल? त्यात देव नाही, सांत्वन नाही, ती वैकुंठाला गेली असंही नाही. अन्न अन्न करत मेली.

मग बुवा दुसऱ्या अभंगाकडे वळले : ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली’. बरं झालं दिवाळं निघालं, बरं झालं लोकांत अपमान झाला, बरं झालं गुरंढोरं गेली, त्यामुळेच मी तुझ्या पायाशी आलो. मांडवात माना डोलल्या. आणि मला राग आला. आमच्या घरी येणारं प्रत्येक माणूस हेच सांगून जातं. यातून देवाला काही तरी चांगलं करायचं असेल. तो परीक्षा पाहतो. जे होतं ते बऱ्यासाठी. नवऱ्याच्या हातावर फिस्टुला केलाय, शीर आणि रोहिणी जोडून. ती जागा फुगून दोरखंडासारखी झालीय. रात्री मी त्यावर तळवा ठेवते, आतली थरथर चालू आहे ना ते बघायला, कारण ती थांबली तर डायलिसिसची वाट बंद. यात बरं काय झालं ते मला कोणी तरी दाखवावं.

कीर्तन संपल्यावर विणेकऱ्यांना मी हे जवळजवळ भांडल्यासारखं बोलले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “तुकोबांनी स्वतःच्या दुःखाला बरं म्हटलंय. शेजाऱ्याच्या नाही. दुष्काळात त्यांनी काय केलं? लोकांचं कर्ज लिहिलेली खतं होती, आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली. शेजाऱ्याला ‘बरं झालं तुझं दिवाळं निघालं’ म्हणत बसले नाहीत.” थोड्या वेळाने त्यांनी जोडलं, “आणि दोन्ही अभंग त्याच गाथेत आहेत. एक लिहिल्यावर दुसरा फाडून नाही टाकला.”

त्या रात्री मला झोप लागली. यात भाविकतेचा भाग किती आणि एकवीस किलोमीटर चालण्याचा किती, ते सांगता येणार नाही. पण ‘अन्न अन्न करितां मेली’ म्हणणाऱ्या माणसाच्या मागे लोक साडेतीनशेहून अधिक वर्षं चालतात, हे मला आधी असं लक्षात आलं नव्हतं. या देवापुढे रडं लपवावं लागत नाही. निदान तेवढं तरी कळलं.

बरड, नातेपुते

बरडच्या वाटेवर फोड फुटले. आक्कांनी सुई-दोरा काढला, फोडातून दोरा ओवला आणि टोकं तशीच ठेवली, म्हणजे पाणी झिरपून जातं. डॉक्टरांना विचारू नये अशी ही युक्ती आहे, पण काम करते.

धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो. ऊस मागे पडतो, आभाळ मोठं होतं. पावसाचा पत्ता नव्हता. शेतकरी वारकऱ्यांचे डोळे सारखे वर. पेरणी करून आलेले होते आणि न करता आलेलेही. आमच्या दिंडीतल्या एकाने बियाणं घरात आणून ठेवलं होतं आणि पोराला सांगून आला होता, पडला की पेर. मला वाटायचं वाट पाहण्यात आम्हीच काय ते तरबेज. इथे मिरगापासून अख्खी दिंडी वाट पाहत होती आणि पाहता पाहता पावली खेळत होती.

नातेपुत्याला दुपारी नणंदेचा फोन आला. डायलिसिस चालू असताना त्याचं ब्लडप्रेशर एकदम उतरलं, शुद्ध हरपली, यंत्र थांबवून सलाइन द्यावं लागलं. आता बरा आहे, झोपलाय. मी पिशवी आवरायला घेतली. पुण्याची एसटी कुठून मिळते ते विचारलं. आक्कांनी ‘देव आहे’ म्हटलं नाही, ‘काही होणार नाही’ म्हटलं नाही. कुठून तरी चहा आणला, माझ्या हातात दिला आणि माझी पथारी गुंडाळायला लागल्या. जायचं असलं तर जा, असं त्यांचं होतं. तासाभराने त्याचाच फोन. आवाज खोल गेलेला. “येऊ नकोस,” म्हणाला, “रिंगण राहिलंय सदाशिवनगरचं. ते बघून मला नीट सांग. तरडगावसारखं नको.”

मी राहिले. ते बरोबर केलं का चूक, यावर नणंद अजून माझ्याशी वाद घालते.

माळशिरस

सदाशिवनगरचं गोल रिंगण मी या वेळी परीक्षेला बसल्यासारखं पाहिलं. आधी पताकावाले धावले, मग तुळस आणि हंडे घेतलेल्या बायका, मग विणेकरी, शेवटी घोडे. रिकामा घोडा स्वाराच्या पुढे गेला की सगळं मैदान ओरडतं. लिहून घेतलं.

पण माळशिरसच्या तळावरची समाजआरती मला रिंगणापेक्षा मोलाची वाटली. वर्णनांत तिच्याबद्दल फारसं येत नाही. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार चांदीचा चोप उंच करतो आणि सगळं बंद. एका क्षणात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिने टाळ चालू ठेवायचे. चोपदार तिच्याकडे जातो, तक्रार ऐकून घेतो, निवाडा होतो. मग हरवलं-सापडलं : एक चष्मा, एक काठी, मोबाइल, दातांची कवळी. उद्या पालखी किती वाजता निघणार ते सांगतात आणि मगच आरती.

इतक्या भक्तीच्या मधोमध गाऱ्हाण्यासाठी जागा राखून ठेवलीय, हे मला फार आवडलं. गाऱ्हाणं असेल त्याने गप्प बसायचं नाही, वाजवत राहायचं. कोणी तरी येऊन ऐकेपर्यंत आरती खोळंबते. माझ्या मनात आलं, आपण दोन वर्षं टाळ मिटून बसलो होतो. मागणं सुचत नव्हतं म्हणून गाऱ्हाणंही केलं नाही.

त्या रात्री तंबूच्या मागे जाऊन मी ते केलं. शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्यात त्या अनोळखी माणसाच्या घरच्यांचाही विषय होता, ज्यांचं नाव आम्हाला कधी कळणार नाही, कारण कळू द्यायचं नसतं. त्यांचं माणूस राहो असं म्हटलं. माझंही राहो असं म्हटलं. दोन्ही एकत्र बसत नाहीत, ते तुझं तू बघ, असं म्हटलं. वाक्य पुरं झालं नाही, पण या वेळी अर्ध्यावर सोडूनही दिलं नाही.

वेळापूर

वेळापूरच्या अलीकडे उतारावर धावा असतो. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी आठवण सांगतात. पंढरपूर अजून दोन मुक्काम लांब. कळस काही दिसत नाही. तरी सगळे धावतात. ऐंशीचे आजोबा धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, आक्का चपला हातात घेऊन धावल्या. मीही धावले आणि उताराच्या तळाशी दमून रस्त्याकडेला बसले तेव्हा हसत होते.

त्याआधी सकाळी पावलीत मी चुकले होते. ओळीतला ताल चुकला की मागच्याच्या पायावर पाय पडतो. पडला.

भंडीशेगाव, वाखरी

तोंडले-बोंडल्याला ओढा ओलांडला. टप्पा म्हणतात त्या जागी माउली आणि सोपानकाका यांच्या पालख्या भेटतात, मोठा भाऊ आणि धाकटा. दोन्हीकडचे मानकरी एकमेकांना नारळ देतात. गळाभेटी चालतात. डोळे पुसायला लोकांना कारण लागत नाही.

भंडीशेगावला पहाटे मृदंगावर विरहिणी लागली, ‘पैल तो गे काऊ कोकताहे’. पलीकडे कावळा ओरडतोय, काही शुभ सांगतोय. ती बाई त्याला म्हणते, तुझे पाय सोन्याने मढवीन, पंढरीचा पाहुणा घरी कधी येणार ते सांग. शाळेत हा अभंग मी चालीवर म्हटलेला. तेव्हा त्यातली बाई मला खुळी वाटायची. आता दिसलं की ती दारात उभी आहे, घरात बसलेली नाही. कावळा बोलत नाही, तरी ती त्याच्याशी भाव ठरवते, दहीभाताची उंडी देऊ करते. माझा फोन उशाशी असतो, आवाज मोठा करून. त्याला मी काहीच देऊ करत नाही, नुसती दचकते.

एकदा तो खरंच वाजला होता. मध्यरात्री, या, म्हणून. एका दात्यासाठी एकापेक्षा जास्त रुग्णांना बोलावतात, रक्त जुळवून पाहतात. आम्ही पर्यायी होतो. पहाटे सांगितलं, पहिल्याचं जुळलं, तुम्ही जा. बाहेर येताना लिफ्टपाशी एक कुटुंब उभं होतं. ते घेणारे होते की देणारे, चेहऱ्यांवरून कळेना. घरी येऊन आम्ही पोहे केले.

वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या जमतात. देहूहून तुकोबा, त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथ, पैठणहून एकनाथ, मुक्ताईनगरहून मुक्ताई. पंढरपुरातून नामदेव सामोरे येतात. आणि वाखरीत पाऊस आला. पडला तो असा पडला की तंबूत चिखल, पथाऱ्या भिजल्या, भाकऱ्यांचं पीठ गेलं. बियाणं घरी ठेवून आलेला तो माणूस चिखलात उभा राहून पोराशी फोनवर ओरडत होता. कोणी झोपलं नाही, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

पंढरपूर

कळस दिसला. इतके दिवस चालून आल्यावर बहुतेक वारकरी चंद्रभागेत स्नान करतात, नगरप्रदक्षिणा घालतात, कळसाला हात जोडतात आणि परततात. पदस्पर्शाची रांग गोपाळपूरपर्यंत गेलेली असते, त्यात दिवस-रात्र मोडते. मीही कळसावर भागवलं. पुंडलिकाचं देऊळ वाळवंटात आहे. आईबापांची सेवा सोडून उठता येईना म्हणून त्याने देवाकडे वीट फेकली, हिच्यावर थांब म्हणाला, आणि देव थांबला. आजारी माणसाच्या घरातल्यांना ही कथा वेगळी ऐकू येते. औषधाची वेळ झालीय, तू जरा थांब.

महाद्वारात नामदेव पायरी, समोर चोखोबांची समाधी. इथे मात्र मी अडखळले. चोखोबांनी जन्मभर बाहेर उभं राहून वाट पाहिली. त्यांच्या माणसांना हे दार उघडलं ते मे १९४७ मध्ये, साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केल्यावर. सहाशे वर्षं. ती वाट देवाने पाहायला लावली नव्हती, दाराशी बसलेल्या माणसांनी लावली होती. असल्या वाट पाहण्याला श्रद्धा म्हणून गौरवणं मला जमणार नाही. मूत्रपिंडांची यादी लांब आहे, त्यालाही दैवापेक्षा आपण जास्त कारण आहोत. मेल्यावर शरीर पुरं असावं म्हणून लोक सही करत नाहीत. आमच्या दिंडीत मी हे बोलले तेव्हा दोघातिघांनी अर्ज कुठे मिळतो ते विचारलं. विणेकरी म्हणाले, पुढच्या वर्षी कीर्तनात घेतो.

देवळातल्या एका सेवेकऱ्याने सांगितलं, आषाढीच्या आधी देवाचा पलंग काढतात. दर्शन चोवीस तास चालू, त्यामुळे देवाला झोप नाही. पाठीशी टेकायला लोड देतात. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जायला काढा देतात, मग पलंग परत. हे ऐकून आक्का म्हणाल्या, “तर काय. उभं ऱ्हाऊन त्येचे बी पाय दुखत्यात.”

एकादशीचा फराळ : साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळं, केळी, खजूर. साबुदाणा सोडला तर आहारतज्ज्ञ बाईंनी आमच्या फ्रीजवर चिकटवलेली बंद पदार्थांची यादी साधारण हीच आहे. एकादशी ही मूत्रपिंडवाल्यांची नाही, एवढं नक्की.

द्वादशीला पारणं सोडून मी एसटीत बसले. आक्का परभणीच्या गाडीकडे गेल्या, पिशवी आणि तुळस घेऊन. पत्ता-बित्ता काही दिला नाही. “दिंडीत हाईच की,” म्हणाल्या.

घरी पोचले तेव्हा तो डायलिसिस करून नुकताच आला होता, हाताला पट्टी. प्रसादातले पेढे त्याला चालत नाहीत, चुरमुरे चालतात. ते खात खात त्याने सगळं क्रमाने विचारून घेतलं. रिंगणाचं मी वहीत बघून सांगितलं. हैबतबाबांचं त्याला माहीत होतं. वाखरीच्या पावसाचं दोनदा ऐकलं.

“आणि वेळापूरला तू कोणाच्या तरी पायावर पाय दिलास म्हणे. महाराजांचा फोन आला होता.”

मग तो उठला. नणंद स्वयंपाकघरातून ओरडली की आज पडून राहायचा दिवस आहे. त्याने खुर्ची बाजूला सरकवली, हॉलमध्ये जागा केली आणि मला शेजारी उभं केलं. “उजवा पुढे. आता मागे येताना घाई करायची नाही. तिथेच चुकतात सगळे.”

मी चुकले.

“परत,” तो म्हणाला.